आयोवातला वाफेच्या इंजिनांचा मेळा: आईबाबांना घेऊन जावं का?

मोलीनकर
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं रोमात आहे (म्हणजे नुसता वाचतोय), आज पहिल्यांदा धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आम्ही इलिनॉयमध्ये मोलीनला राहतो. नोकरी ट्रॅक्टरच्या कंपनीत, कुठल्या ते रंगावरून ओळखा. आईबाबा जूनमध्ये आलेत, परतीचं तिकीट २८ सप्टेंबरचं. आई नातवात रमलीय, पण बाबांचं काय करायचं तेच कळेना झालंय. बाबा पलूसकडचे, सगळं आयुष्य ऊस, गुऱ्हाळ आणि इंजिनाच्या पंपात गेलं. इथे रोज सकाळी खुर्ची टाकून समोरच्या लॉनकडे बघत बसतात आणि म्हणतात एवढी जागा पडीक ठेवलीय, मेथी तरी टाकायची. नायगरा दाखवला. म्हणाले पाणी चांगलं आहे पण सगळं वाया चाललंय.

तर ऑफिसमधले एक म्हातारे गृहस्थ मागे लागलेत की लेबर डेला (सप्टेंबरचा पहिला सोमवार) आयोवातल्या माउंट प्लेझंटला जा, तिथे ओल्ड थ्रेशर्स रियुनियन असतं. १९५० पासून दरवर्षी भरतं म्हणे, गुरुवार ते सोमवार पाच दिवस. वाफेची इंजिनं, जुनी मळणीयंत्रं, ट्रॅक्टर, आणि नुसती मांडून ठेवलेली नाहीत तर चालू. आमच्यापासून दीडेक तास. बायको म्हणते भंगार बघायला तिकीट काढून कोण जातं, दहा मिनिटांत कंटाळाल. कोणी गेलंय का? सत्तरीच्या माणसांना झेपेल का? आणि गेलोच तर काय चुकवू नये?

तर्री_पोहे
वहिनींना सांगा, भंगार बघायलाच काय, विकत घ्यायलाही पैसे मोजणारे लोक आहेत. आमच्या गॅरेजात एक पडलंय. लिलावात घेतलेलं जुनं एका सिलिंडरचं इंजिन. दोन वर्षं जाम आहे. बायको त्याला सवत म्हणते.
पॉपकॉर्न घेऊन बसलोय, येऊ द्या.

शिकागोची_शालू
बिनधास्त जा!! आम्ही दोनदा गेलोय. पहिल्यांदा नवऱ्याच्या हट्टापायी, दुसऱ्यांदा माझ्या. शिकागोहून ॲमट्रॅकची कॅलिफोर्निया झेफिर थेट माउंट प्लेझंटला थांबते त्यामुळे गाडी चालवायचीही कटकट नाही, अर्थात तुम्हाला त्याचा उपयोग नाही, तुम्ही जवळच आहात.

मला वाटलं होतं कानठळ्या बसतील. तर उलटंच. वाफेचं इंजिन नुसतं उभं असताना जवळजवळ मुकं असतं, थोडं सुस्कारे टाकल्यासारखं करतं आणि बास. चालायला लागलं तरी त्याचा आवाज बैल रवंथ करतो तसा संथ. कानठळ्या बसतात त्या शिट्टीने. तिथे एकाने शिट्टी दिली की दुसऱ्याला द्यावीच लागते बहुतेक, मग सगळं मैदान सुरू होतं. लहान मुलगा असेल तर कापसाचे बोळे न्या.

चालणं भरपूर आहे, पण आत जुन्या विजेच्या ट्रॉल्या आहेत आणि एक छोटी नॅरोगेज रेल्वे आहे खरीखुरी वाफेवरची, तीत बसून फिरता येतं. टोपी, पाणी मस्ट. सप्टेंबर असला तरी ऊन मरणाचं असतं.

अर्धवट_इंजिनिअर
आधी एक सुधारणा. वाफेवरच्या त्या चाकाच्या इंजिनाला ट्रॅक्टर म्हणू नका, तिथले म्हातारे डोळे वटारतात. ते ट्रॅक्शन इंजिन. ट्रॅक्टर हा शब्द रुळला तो पुढे, पेट्रोल-रॉकेलची यंत्रं आल्यावर, आणि त्याचं बरंचसं श्रेय आयोवातल्याच चार्ल्स सिटीच्या हार्ट-पार कंपनीला देतात.

काय चुकवू नये? केस कंपनीची इंजिनं सगळ्यात जास्त दिसतील. रासीन, विस्कॉन्सिनची कंपनी. वाफेची ट्रॅक्शन इंजिनं त्यांच्याइतकी अमेरिकेत कुणीच बनवली नाहीत. त्यांच्या चिन्हावरचा गरुड खरोखरचा होता. ओल्ड एब नाव, यादवी युद्धात विस्कॉन्सिनच्या पलटणीने त्याला काठीवर बसवून लढाईत नेलं होतं. दुसरं म्हणजे पिओरियाच्या एव्हरीचं अंडरमाउंटेड. बाकीच्यांचं इंजिन बॉयलरच्या डोक्यावर बसवलेलं असतं, याचं खाली पोटाशी, त्यामुळे ते रेल्वेचं इंजिन रस्ता चुकून शेतात आल्यासारखं दिसतं. तिसरं, रुमलीचं ऑइलपुल ३०-६०. हे वाफेचं नाही, रॉकेलवर चालतं, आणि इंजिन गार ठेवायला पाण्याऐवजी तेल. पुढे चौकोनी धुराडं. आवाज एकदा ऐकला की झोपेतही ओळखाल.

आणि तुमच्या हिरव्या कंपनीचा, म्हणजे जॉन डिअरचा, तर घरचाच गणपती आहे. १९१८ साली त्यांनी वॉटर्लूची इंजिन कंपनी विकत घेतली तिचा वॉटर्लू बॉय ट्रॅक्टर तिथे बघायला मिळतो. दोन आडव्या सिलिंडरचे जुने हिरवे ट्रॅक्टर तर रांगेने. १९६० पर्यंत तेच चालले. पाप-पाप पाप-पाप.

मोलीनकर
धन्यवाद सगळ्यांना. शालूताई, ट्रॉलीचं बरं सांगितलंत, आईचे गुडघे हीच मुख्य काळजी. अर्धवटराव, ३०-६० म्हणजे काय? तीस घोडे की साठ?

अर्धवट_इंजिनिअर
दोन्ही. ३० म्हणजे मागे नांगर ओढताना मिळणारी ताकद, ६० म्हणजे उभं राहून पट्ट्याने दुसरं यंत्र फिरवताना. मधले ३० घोडे स्वतःचं धूड ढकलण्यात आणि गिअरमध्ये जातात. सरकारी योजनेसारखं.

खळ्यावरचा
मळणीयंत्राचं नाव काढलंत आणि आमचं खळं आठवलं. आमचं बार्शीकडं. खळं सारवायचं, मधोमध तिवडा रोवायचा, बैलांची पात धरायची, तोंडाला मुसक्या. आम्हा पोरांचं काम बैलांच्या मागं शेण धरायला टोपलं घेऊन फिरायचं. मग वारं सुटलं की वावडीवर उभं राहून उफणणी. वारं पडलं की सगळं ठप्प, आजोबा आभाळाकडं बघून शिव्या घालायचे. मग एका वर्षी भाड्याचं मळणी मशीन आलं, आठवड्याचं काम अर्ध्या दिवसात, आणि संध्याकाळी आजोबा रिकाम्या खळ्यावर नुसते बसून होते. काय करावं सुचंना त्यांना.

अमेरिकेतही असंच असणार ना? एकाचं इंजिन आणि गावाची मळणी?

शिकागोची_शालू
अगदी. तिथल्या एका आजोबांनी सांगितलं होतं आम्हाला. एकट्या शेतकऱ्याला इंजिन परवडायचं नाही, मग आसपासची घरं मिळून एक गट करायची, इंजिन आणि मळणीयंत्र या वाडीवरून त्या वाडीवर फिरायचं आणि सगळे पुरुष त्याच्या मागोमाग. ज्याच्याकडे मळणी त्याच्याकडे जेवण. वीस-वीस माणसांचं. कुणाकडे पाय (सारण भरून भाजतात तो गोड पदार्थ) चांगला झाला याची चर्चा पुढच्या मळणीपर्यंत. इर्जिकच म्हणा की.

चिमणी
सगळ्यांचा मूड घालवते, माफ करा. पण मला या मशिनींचं कौतुक जमत नाही. माझ्या मामाचा उजवा हात कोपरापासून मळणी मशीनमध्ये गेला. रात्रीची मळणी होती, बाजरी, पेंडी आत सारताना बाही धरली. मामा तेव्हा सव्वीस वर्षांचा. त्यानंतर त्याने लग्नही केलं नाही. आमच्या आजोळी प्रत्येक गावात एक तरी असा होता, कुणाची बोटं, कुणाचा पंजा, एका बाईचे केस पट्ट्यात गेले. आता तिकडे परदेशात तेच यंत्र रंग देऊन ठेवायचं आणि लहान मुलांना आइस्क्रीम खात दाखवायचं हे मला विचित्र वाटतं. जायचं त्यांनी जावं. मला नाही जमणार.

खळ्यावरचा
चिमणीताई, तुमचं बरोबर आहे. आमच्याही गावात एक होते, आम्ही पोरं त्यांना त्याच नावानं हाक मारायचो. आता लाज वाटते.

बॉयलर_काका
मी अडतीस वर्षं साखर कारखान्यात बॉयलरवर काढली, फर्स्ट क्लास सर्टिफिकेट, आता घरी बसून नातवाकडून टायपिंग शिकतो. चिमणी, तुझं म्हणणं मला पटतं. यंत्राला कौतुक कळत नाही, त्याला फक्त चूक कळते.

वाफेच्या इंजिनात तर हाताचं सोड, सगळं मैदान जाऊ शकतं. नीट समजावून सांगतो. पेटीत आग, पेटीच्या डोक्यावर एक पोलादी पत्रा, त्याला क्राउन शीट म्हणतात, आणि त्या पत्र्यावर कायम पाणी पाहिजे. पाणी आहे तोवर पत्रा वाचतो. पाणी उतरलं आणि पत्रा उघडा पडला की तो लाल होतो, मऊ पडतो, आणि आतला दाब त्याला खाली फाडतो. मग बॉयलरमधल्या तापल्या पाण्यातल्या काही भागाची एकदम वाफ होते. एक लिटर पाण्याची सोळाशे लिटरच्या वर वाफ. हे होऊ नये म्हणून पत्र्यात एक मऊ धातूचा प्लग बसवतात, पाणी उतरलं की तो वितळतो आणि आग विझवतो. पण त्यावर क्षाराचा थर बसला तर तोही दगा देतो.

२९ जुलै २००१ ला ओहायोत मेडिना इथे हेच झालं. केसचं ११० हॉर्सपॉवरचं इंजिन प्रदर्शनाच्या मैदानात आलं आणि फुटलं. ५ माणसं गेली, कितीतरी भाजली. तपासात हेच निघालं, पाणी कमी, प्लगवर थर. त्यानंतर ओहायोने अशा जुन्या बॉयलरची तपासणी आणि चालवणाऱ्याचं लायसन्स सक्तीचं केलं. आपल्याकडे १९२३ चा बॉयलर कायदा होता, इन्स्पेक्टर आला की आमच्या पोटात गोळा यायचा, पण त्या गोळ्याने आम्हाला जिवंत ठेवलं.

मोलीनकर, म्हणून जाऊ नका असं नाही. उलट जरूर जा. आणि सकाळी लवकर जा. गार बॉयलर तापायला दोन-तीन तास लागतात, सरपण कसं रचतात, वाफ कशी धरते ते बघण्यासारखं असतं. दुपारी येणाऱ्याला फक्त शिट्ट्या ऐकू येतात. कुठल्याही इंजिनाजवळ गेलात की पहिल्यांदा पाण्याची काच बघा, आत पाणी किती आहे ते तीत दिसतं. आणि चालवणारा गप्पा मारताना अधूनमधून काचेकडे बघतो का ते बघा. बघत नसेल तर वडिलांना घेऊन दुसऱ्या इंजिनाकडे जा.

तर्री_पोहे
काका, बायको रागावली की मी पण आता काचेकडेच बघत जाईन.
बाकी तुमचा प्रतिसाद वाचून गॅरेजातल्या सवतीकडे जरा आदराने बघितलं. बरं झालं, तिला बॉयलर नाही.

लीड्सची_लेक
आमच्या गावाचं नाव निघालं नाही म्हणून आले. लीड्सचा जॉन फाउलर! ज्यांना शेती आणि वाफ यात रस आहे त्यांनी इंग्लंडमधली नांगरणीची इंजिनं बघाच. एवढं जड इंजिन शेतात नेलं तर जमीन दाबली जाणार, म्हणून यांनी इंजिन शेतात नेलंच नाही. शेताच्या दोन टोकांना बांधावर दोन इंजिनं उभी, मध्ये तारेचा दोर, आणि तो दोर नांगर इकडून तिकडे ओढतो. नांगर सीसॉसारखा, एका बाजूचे फाळ जमिनीत तर दुसऱ्या बाजूचे हवेत, त्यामुळे टोकाला वळवायची गरज नाही. १८५८ मध्ये फाउलरला वाफेवरच्या नांगरणीबद्दल रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचं ५०० पौंडांचं बक्षीस मिळालं.

मी डॉर्सेटच्या स्टीम फेअरला एकदा गेले होते, १९६९ ला सुरू झालेली ती जत्रा २०२२ नंतर भरली नाही, चुटपुट लागून राहते. रात्री जत्रेची इंजिनं पितळ झगमगवत, पुढच्या डायनमोवर दिव्यांच्या माळा पेटवून उभी असतात ते बघताना मला चक्क गणपतीची आरास आठवली.

आणि गंमत म्हणजे याच देशात १८६५ च्या कायद्याने अशा इंजिनाच्या पुढे लाल झेंडा घेऊन माणूस चालायचा. वेग गावाबाहेर ताशी ४ मैल, गावात २. पुण्यात आजही तेवढाच पडतो, झेंड्याशिवाय.

सातारी_कंदी
लीड्सताई, पुण्याला मध्ये आणायची गरज नव्हती, पण आकडा बरोबर आहे.

आमच्या लहानपणी वाफेचं इंजिन म्हणजे रस्त्यावरचा रोलर. बांधकाम खात्याचा, काळा, पुढे एवढं मोठं चाक, वर छप्पर, मागे ड्रायव्हरच्या पायाशी कोळसा. तो गावात यायचा म्हणजे महिनाभर मुक्काम. आम्ही शाळा सोडून त्याच्या मागे चालायचो, म्हणजे चालायचो कसले, उभे राहायचो, त्याचा वेगच तेवढा. ड्रायव्हर त्याच बॉयलरच्या पाण्यावर आंघोळ करायचा, साऱ्या गावात गरम पाणी त्यालाच! नंतर वाचलं की टाटांच्या टेल्कोनेही १९४८ मध्ये इंग्लंडच्या मार्शल कंपनीबरोबर असे वाफेचे रोलर बनवले होते. म्हणजे ट्रकच्या आधी रोलर.

मुद्दा असा की हे सगळं आपल्याकडेही होतं. किर्लोस्करवाडी १९१० ची, तिथे लोखंडी नांगर झाले, उसाचे चरक झाले. सुरुवातीला लोखंडी नांगराने जमीन विषारी होते म्हणून लोक घ्यायचे नाहीत. आमच्या साताऱ्याच्या कूपरची इंजिनं. एवढा इतिहास आहे, मग आपल्याकडे असा मेळा का नाही? मोशीला शेतीचं प्रदर्शन भरतं डिसेंबरात, तुफान गर्दी, पण सगळं नवं. जुनं एक दालन ठेवायला काय जातं?

वऱ्हाडी_ठेचा
काहून की आपल्याकडे जुन्या लोखंडाचा भाव किलोवर ठरते, भाऊ. आमची शकुंतला रेल्वे घ्या ना. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर. मँचेस्टरचं १९२१ चं इंजिन १९९४ पर्यंत तिच्या पुढं लागत होतं. सत्तरच्या वर वर्षं! कापूस वाह्यला, वऱ्हाडं वाह्यली. माह्या आजीचं लगीन तिच्यातूनच गेलं. तिथं मेळा नाही भरवला कोणी.

सातारी_कंदी
ठेचाभाऊ, भाव किलोवर ठरतो हे खरं पण अर्धंच. इथे अमेरिकेतही बहुतेक सगळं वितळलंच की. महायुद्धाच्या वेळी भंगार गोळा करायच्या मोहिमांत किती इंजिनं गेली. जी उरली ती कुणातरी हट्टी म्हाताऱ्याने गोठ्यामागे झाकून ठेवली म्हणून. आपल्याकडे हट्टी म्हातारे कमी आहेत का? गोठ्यामागे जागा नाही एवढंच. तीन भावांत वाटणी झाली की पहिलं जातं ते इंजिन.

अर्धवट_इंजिनिअर
कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, नेरळ स्टेशनवर माथेरानचं जुनं इंजिन ठेवलंय. अगदीच काही नाही असं नाही. पण रेल्वेचं जपतात, शेतीचं नाही, हे मान्य. रेल्वेला मालक आहे. चरकाला कोण?

कोलंबसकर
इंडियानाहून. आम्ही पुण्याहून इथे इंजिनाच्याच कंपनीत आलेले बरेच जण आहोत. मोठ्या मेळ्याला गेलो नाही पण आमच्या काउंटीत छोटा भरतो तिथे दरवर्षी जातो. एक गोष्ट सांगायलाच हवी. तिथे एका कोपऱ्यात सोर्घमचा रस काढतात, म्हणजे आपल्या ज्वारीचीच गोड धाटांची भावंडं. घोडा गोल फिरतोय, चरकात धाटं, रस खाली, आणि पुढे लांबट उथळ कढईत उकळतोय, एक बाई मळी काढतेय. चव घेतली. काकवी! हुबेहूब नाही, थोडी उग्र, पण काकवीच. मी दोन बाटल्या घेतल्या आणि घरी येऊन भाकरीबरोबर खाल्ली. मोलीनकर, वडिलांना हे कुठे दिसलं तर जरूर दाखवा.

गृहिणी_नंबर_वन
सगळं ठीक आहे पण शाकाहारी माणसाने तिथे खायचं काय? कुणीच मुद्द्याचं बोलत नाहीये.

शिकागोची_शालू
भाजलेलं कणीस, पाय, आइस्क्रीम. तिथे चर्चवाल्यांचे जेवणाचे तंबू असतात, त्यात बटाटा, बीन्स मिळतं. आणि खरी गंमत म्हणजे तिथून पश्चिमेला जेमतेम अर्ध्या तासावर फेअरफिल्ड आहे, महर्षी महेश योगींची युनिव्हर्सिटी तिथेच. आयोवाच्या मक्यात अचानक ध्यानाचे सोनेरी घुमट! तिथे चांगलं शाकाहारी जेवण मिळतं. राहायचं असेल तर तिकडेच बघा, माउंट प्लेझंटमध्ये त्या आठवड्यात खोली मिळणं अवघड.

गृहिणी_नंबर_वन
हा प्रतिसाद बुकमार्क केला. बाकी इंजिनं तुमची तुम्हाला.

मोलीनकर
मंडळी, जाऊन आलो! उशीर झाला लिहायला. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

बॉयलरकाकांचं ऐकून गुरुवारी पहाटे साडेपाचला निघालो. बायको येणार नव्हती, पण आई म्हणाली मी पण येते, मग बायकोही आली, तोंड फुगवून. सातला पोचलो. पार्कवर धुराचा पातळ थर, कोळसा, गरम तेल आणि ओल्या गवताचा मिळून एक वास. बाबा गाडीतून उतरले, नाक वर करून म्हणाले, "कुणाचं गुऱ्हाळ लागलंय?" अडीच महिन्यांत पहिल्यांदा ते माझ्यापुढे चालायला लागले.

काकांनी सांगितल्याप्रमाणे सकाळचा तासभर फक्त वाफ धरताना बघितली. एक साठीची बाई केसच्या इंजिनात लाकडाच्या ढलप्या टाकत होती, हातात जाड मोजे, तोंडाला काळं. आई माझ्या कानात म्हणाली हिचा नवरा कुठे गेला? नवरा बाजूला खुर्चीत कॉफी पीत होता. आई बराच वेळ त्या दोघांकडे बघत होती, इंजिनाकडे नाही. हो, आणि ती बाई दर मिनिटाला काचेकडे बघायची.

मग छोट्या इंजिनांची रांग. ती हिट-अँड-मिस म्हणतात ती. एक ठोका मारतं आणि मग नुसतं फिरत राहतं, फुस फुस फुस, मग पुन्हा एक ठोका. बाबा थबकले. म्हणाले हे आजारी आहे, मिस मारतंय. मी माझं इंजिनिअरिंग पाजळलं, की वेग पुरेसा झाला की गव्हर्नर (वेग सांभाळणारा भाग) एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडाच धरून ठेवतो, त्यामुळे इंधन आत जातच नाही, वेग कमी झाला की परत सोडतो. बाबांनी अर्धा मिनिट ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे कामापुरतंच खातं." मग माझ्या पोटाकडे बघितलं. बायको सकाळपासून पहिल्यांदा हसली.

मुख्य गोष्ट दुपारची. गव्हाची मळणी लावली होती. इंजिन एकीकडे, मळणीयंत्र पार तिकडे, मध्ये लांबलचक पट्टा, त्याला पीळ दिलेला. मी बाबांना सांगायला गेलो की एवढा लांब का, तर तेच म्हणाले, "ठिणगी उडून पेंढा पेटू नये म्हणून, मला शिकवू नको." दोघं जण वरून पेंढ्या टाकत होते, पलीकडे मोठ्या नळकांड्यातून भुसा आणि काड उडत होतं, बाजूच्या गाडीत दाणे. सगळे लोक काड उडतंय त्याचे फोटो काढत होते. बाबा सरळ दोरीपाशी गेले, गाडीतून मूठभर गहू घेतला, तळव्यावर चोळला, फुंकर मारली, आणि कपाळाला आठी. "दाणा फुटतोय. जाळी ढिली करायला पाहिजे." मी म्हटलं बाबा चला, ते प्रदर्शन आहे, पीठ करणार असतील. ते हलेनात. तिथे ओव्हरऑल घातलेला त्यांच्याच वयाचा एक माणूस उभा होता, त्याच्यापुढे तळवा धरला आणि फुटका दाणा बोटाने बाजूला केला. तो माणूस बघतच राहिला. मग त्याने स्वतःची मूठ उघडली, तिच्यात पण गहू, फुटका. आणि यंत्राजवळ उभ्या असलेल्या एका तरण्या पोराकडे बोट दाखवून हात असे केले की, मी सकाळपासून सांगतोय, ऐकतो कोण! बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. पुढची चाळीस मिनिटं ते दोघं तिथे काय बोलत होते मला माहीत नाही, कारण मला जवळ बोलावलं नाही. बाबांना इंग्रजी येत नाही.

आई सावलीत बसली होती, तिच्यापाशी गेलो. म्हटलं मजा येतेय ना, आपलं खळं आठवलं असेल. ती म्हणाली, "तुम्हाला खळं आठवतं रे, मला चूल आठवते. मशीन यायचं त्या दिवशी पंधरा माणसं जेवायला, पहाटे तीनला उठून भाकऱ्या थापायच्या, आणि मशीन बिघडलं की माणसं दुसऱ्या दिवशी परत जेवायला. तू पोटात होतास तेव्हा मशीन दोन दिवस बिघडलं होतं." मग म्हणाली त्या इंजिनवालीचं मला आवडलं. चिमणीताई, तुमचा प्रतिसाद मी तिला आधी वाचून दाखवला होता. म्हणाली तिला सांग, तुझं खरं आहे, आणि तुझ्या मामाला जेवायला कोण वाढतं ते विचार.

काकवी नाही मिळाली. ट्रॉलीत दोनदा बसलो, छोट्या रेल्वेत मुलासाठी तीनदा. परतताना फेअरफिल्डला जेवलो, उलट्या दिशेला असूनही. बायको म्हणते पुढच्या वर्षी दोन दिवस काढू. बाबांनी रात्री गावाकडे माझ्या काकांना व्हिडिओ कॉल लावला आणि नायगऱ्याबद्दल जे अडीच महिन्यांत एका वाक्यात उरकलं होतं, त्याच्या जागी तासभर फुटक्या दाण्याचं पुराण.

चिमणी
काकूंना नमस्कार सांगा. मामाला माझी आई वाढते. गेली एकतीस वर्षं. डाव्या हाताने तो आता सगळं करतो, सुपारीसुद्धा कातरतो.

बॉयलर_काका
झकास लिहिलंस. काचेकडे बघणाऱ्या बाईला माझा सलाम. आणि जाळी ढिली केली का शेवटी त्या पोराने?

मोलीनकर
केली, काका. तीनच्या सुमाराला. बाबांनी परत जाऊन मूठ भरून बघितली.

खळ्यावरचा
हसून हसून पुरेवाट! बाबांना धाग्यावर आणा.

तर्री_पोहे
मोलीनकर, खरंच विचारतो, थट्टा नाही. मी डेस मॉइन्सला असतो, तुमच्यापासून अडीच-तीन तास. बाबांना एका रविवारी आणाल का? माझं इंजिन बघतील? वरण-भात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, सगळं करतो.

मोलीनकर
विचारलं. बाबा विचारतायत जाम म्हणजे पिस्टन जाम आहे की व्हॉल्व्ह? पिस्टन असेल तर सिलिंडरमध्ये डिझेल ओतून आठ दिवस तसंच सोडा म्हणावं, आणि आम्ही येईपर्यंत हातोडी लावू नका. लवकर सांगा, तिकीट २८ चं आहे.

तर्री_पोहे
हातोडी आधीच लावली.

मोलीनकर
बाबा म्हणाले, वाटलंच.